निळ्याचा जांभळा झाला तेव्हा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाचा अहवाल हे माझं पहिलं छापील काम. फाइन आर्ट्सचं शेवटचं वर्ष होतं. मोबाइलवर टाकायची पोस्टरं करून थोडे पैसे मिळायचे, तेवढ्या भांडवलावर मी मंडळाच्या काकांना ‘करते की काका’ म्हणून बसले. मुखपृष्ठावर झगझगीत निळी पार्श्वभूमी, त्यावर शेंदरी मूर्ती. व्हॉट्सअॅपवर पाठवलं, काका खूश. प्रेसवर गेले तेव्हा मशीनमन छापलेला कागद उजेडाकडे धरून म्हणाला, “बेन, आ ब्लू नथी, आ तो जांबली छे.” हजार प्रती निघून गेल्या होत्या.

चूक प्रेसची नव्हती. मी उजेडात काढलेलं चित्र शाईत मागत होते.

पडदा उजेड फेकतो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला ० ते २५५ पायऱ्या. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं, तिन्ही विझले की काळं. हे आरजीबी. कागदाचं उलटं. तो आधीच पांढरा असतो आणि शाई त्याच्यावरून परतणारा उजेड गिळते: सायन म्हणजे आकाशी शाई लाल गिळते, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी हिरवा, पिवळी निळा. तिन्ही एकावर एक दिल्या तर खरं तर काळं व्हायला हवं, पण शाया तितक्या शुद्ध नसतात, त्यामुळे चिखलासारखा तपकिरी निघतो. म्हणून चौथी, काळी. या चार शाया म्हणजे सीएमवायके. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी; ‘के’ म्हणजे ‘की’, ज्या प्लेटशी बाकीच्या जुळवतात ती.

आता माझा निळा. पडद्यावर तो ०, ०, २५५ होता. निळी शाई नावाची वस्तू त्या चारांत नाहीच; सायन आणि मॅजेंटा मिळून निळा करतात. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगने त्याचं ८८ टक्के सायन, ७७ टक्के मॅजेंटा केलं. मॅजेंटा सायनच्या इतकी जवळ गेली की जांभळं होणारच. हल्ली निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवते, १०० ला ६५ वगैरे. पडद्यावरची झळाळी तरी येत नाहीच, पण निळा निळा राहतो. पोपटी आणि शेंदरीही मंदावतात. राणी रंगाची पत्रिका आली की मात्र मी निर्धास्त, कारण मॅजेंटा शाई जवळजवळ राणीच असते. एखाद्याला लोगोचा नेमका रंगच हवा असेल तर पॅन्टोनची, म्हणजे नंबरावरून तयार मिळणारी, वेगळी शाई, वेगळी प्लेट आणि वेगळे पैसे. हे आधी बोलून घ्यावं.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे सगळं आमच्या घरातच टांगलेलं होतं. राजा रवि वर्म्यांची बरीच मूळ चित्रं आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा एकेका रंगाला छपाईचा वेगळा दगड लागायचा. त्या काळच्या प्रिंटमध्ये भिंगातून हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके दिसतात. आजीच्या देवघरातली लक्ष्मी मात्र अलीकडची, ऑफसेटची, म्हणजे आजच्या प्लेटवाल्या छपाईची. तिच्या साडीत चार रंगांचे ठिपके ठरलेल्या कोनांत बसून फुलांसारखी नक्षी करतात. नवख्यांनी पुस्तकापेक्षा आधी दहापट दाखवणारं एक भिंग घ्यावं, असं माझं मत आहे.

काळ्याबद्दल कुणीच सांगत नाही, म्हणून सांगते. आरजीबीतला शुद्ध काळा आपोआप बदलला की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळी ६७, काळी ९० असा चारही शायांचा होतो. बेरीज ३००. मोठ्या पट्ट्याला हा भरदार दिसतो, पण साध्या कागदावर वाळेना तर मागच्या पानावर डाग. आणि बारीक मजकुराला तर तो घातकच. प्लेट केसभर सरकली की अनुस्वाराला गुलाबी सावली, वेलांटीच्या कडेला निळी रेघ. जोडाक्षरं तर भरूनच जातात. मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत, के १००, बाकी तीन शून्य. आमच्या अहवालात देणगीदारांची यादी ८ पॉइंटात होती. काकांनी स्वतःचं नाव चष्मा वर-खाली करून शोधलं.

सुरुवातीपासून सीएमवायकेतच काम करा, असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. फोटो मी आरजीबीतच ठेवते आणि अगदी शेवटी प्रेसने दिलेल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्यांच्या मशीनवर आणि कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणाऱ्या फाइलप्रमाणे, बदलते. एकदा गेलेला रंग पुन्हा आरजीबीत नेऊन परत येत नाही. मधून मधून फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून छापील रूप कसं दिसेल ते बघते. प्रेसवाल्याला प्रोफाइल माहीत नसेल तर निदान कागद कोणता ते विचारावं. गुळगुळीत आर्ट पेपरवर खुललेला रंग साध्या कागदावर शोषला जातो. आणि व्हॉट्सअॅपवर रंग मंजूर करून घेऊ नये, प्रत्येकाच्या फोनचा ब्राइटनेस वेगळा.

पुढच्या वर्षी काका पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर फोन नाही, त्याच प्रेसवर छापून घेतलेली रंगांची पट्टी ठेवली, प्रत्येक चौकोनाखाली आकडे लिहिलेली. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि जांभळ्यावर ठेवलं. “मागचा रंग लोकांना आवडला होता गं,” म्हणाले.