पीएस५ ऑनलाइन जोडताना: केबल, नॅट टाइप आणि पिंग

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, मग ३०० चा घेतला, तरी ऐन मॅचमध्ये समोरचा खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो. किंवा गेम नीट चालतो, पण मित्राच्या पार्टीत (कन्सोलवरच्या ग्रुप व्हॉइस चॅटमध्ये) शिरलं की आवाज बंद. याचं कारण बहुतेक वेळा स्पीड नसतंच. मॅच चालू असताना कन्सोल सेकंदाला जेमतेम काहीशे किलोबिट डेटा पाठवतो आणि घेतो, एवढं तर साध्या प्लॅनमध्येही सहज भागतं. स्पीड लागतो तो गेम उतरवायला. खेळायला दोन गोष्टी लागतात: पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वेळेवर आणि न गळता पोचली पाहिजेत, आणि बाहेरच्या कन्सोलला तुमच्या कन्सोलपर्यंत वाट मिळाली पाहिजे. पहिलं काम केबलने होतं. दुसरं राउटरच्या सेटिंगने, आणि कधीकधी फक्त इंटरनेट कंपनीला फोन करून.

खालचं सगळं घरच्या फायबर कनेक्शनवरच्या पीएस५ ला धरून आहे. एक्सबॉक्स आणि स्विचचं जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी केबल

पीएस५ च्या मागच्या बाजूला गिगाबिट लॅन पोर्ट आहे. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर वायफायचा विचारही करू नका. दुसऱ्या खोलीत असतील तरी भिंतीच्या कडेने पट्टी मारून केबल नेता येते का ते आधी बघा. कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, म्हणजे घरात ती पुरून उरते. नवीनच टाकायची असेल तर कॅट६ घ्या. कॅट७, कॅट८ असं छापलेल्या चपट्या, महागड्या केबलींवर पैसे घालवण्यात काही अर्थ नाही. दुकानदाराला विचारायचं ते तांब्याबद्दल. स्वस्त केबलीत ॲल्युमिनियमच्या तारेवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, वेष्टनावर बारीक अक्षरांत 'सीसीए' लिहिलेलं सापडतं. अशी केबल दाराच्या चौकटीत दोनदा दाबली गेली की आतल्या आत तुटते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

जॅक बसवून घेणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायला सांगा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा जॅकच्या टोकापर्यंत पोचल्या पाहिजेत आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे. इथे एक फसवी गोष्ट होते. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नसेल तरी केबल चालते, दिवा लागतो, नेट येतं, फक्त स्पीड ९४-९५ च्या वर जात नाही. असा आकडा दिसला की प्लॅनला दोष देण्याआधी जॅक तपासा. आणि एक बघा: कंपनीच्या फायबर डब्याचे सगळे पोर्ट सारखे असतीलच असं नाही. काही डब्यांवर एक पोर्ट 'जीई' म्हणजे गिगाबिट असतो आणि बाकीचे 'एफई' म्हणजे १०० एमबीपीएसचे. कन्सोल जीईमध्ये लावा.

मूळ स्विचच्या डॉकला लॅन पोर्ट नाही, त्याला यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर लागतो. ओएलईडी मॉडेलच्या आणि स्विच २ च्या डॉकला पोर्ट आहे.

वायफायच वापरायचं असेल तर

५ गिगाहर्ट्झचा बँड निवडा. सोसायटीत २.४ वर शेजारच्या दहा-बारा राउटरची गर्दी असते, आणि त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर नावं वेगळी करा, नाहीतर कन्सोल कुठल्या बँडवर बसला आहे ते कळत नाही. सगळ्यात पहिल्या पीएस४ मॉडेलला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, त्यामुळे नाव यादीत आलं नाही तर राउटर बिघडलाय असं समजू नका. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर दमतो: आरसीसीची एक भिंत चालते, दोन झाल्या की पिंग, म्हणजे पॅकेटला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, वरखाली व्हायला लागतो. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला असेल तर तो आधी तिथून हलवा.

कन्सोलवर जोडणी

सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग सेटिंग्ज, मग 'सेट अप इंटरनेट कनेक्शन'. केबल लावलेली असेल तर यादीत वायर्ड लॅन दिसतं. नाही दिसलं तर खालच्या 'सेट अप मॅन्युअली' मधून लॅन केबल निवडा. आयपी (कन्सोलचा नेटवर्कवरचा पत्ता), डीएनएस, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सगळं ऑटोमॅटिक राहू द्या. मग 'कनेक्शन स्टेटस' मध्ये जाऊन 'टेस्ट इंटरनेट कनेक्शन' चालवा आणि निकाल वरून खाली वाचा, कारण गाडी कुठे अडली ते तिथेच कळतं.

आयपी ॲड्रेसच मिळाला नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा मिळाला, तर राउटरने कन्सोलला ओळखलेलं नाही: केबल, पोर्ट किंवा वायफायचा पासवर्ड बघा. राउटर न लावता फायबरच्या किंवा केबलवाल्याच्या डब्यातून थेट कन्सोलला वायर दिली असेल, तर काही ऑपरेटर कनेक्शन एकाच मॅक ॲड्रेसला, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. कन्सोलचा मॅक ॲड्रेस 'व्ह्यू कनेक्शन स्टेटस' मध्ये असतो, तो त्यांना नोंदवायला सांगा. हॉस्टेलच्या नेटलाही बहुधा हेच करावं लागतं.

आयपी आहे पण इंटरनेट नाही, तर डब्यावरचा 'एलओएस' दिवा बघा. तो लाल असेल तर फायबर तुटली किंवा निसटली आहे, घरातून काही होण्यासारखं नाही. दिवे ठीक असतील तर रिचार्ज संपलाय का ते बघा.

इंटरनेट आहे पण पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क) साइन-इन होत नाही, तर सेटिंग बदलत बसण्याआधी फोनवर प्लेस्टेशनचं सर्व्हिस स्टेटस पान उघडा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पीएसएन जगभर जवळजवळ एक दिवस बंद होतं, तेव्हा राउटर रीसेट करून कोणाचंही भलं झालं नसतं. सर्व्हर चालू असूनही साइन-इन अडकत असेल, आणि तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्डवर चालणारं म्हणजे पीपीपीओई असेल, तर एमटीयू १५०० ऐवजी १४९२ करून बघा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून हा आकडा. डीएनएस बदलून पिंग कमी होतो असं सांगणारे व्हिडिओ मात्र सोडून द्या. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधतो, मॅच सुरू झाल्यावर त्याचा संबंध संपला.

टेस्टमध्ये दिसणारा डाउनलोड स्पीड फारसा मनावर घेऊ नका, तो बऱ्याचदा कमीच दाखवतो. शेवटची ओळ महत्त्वाची: नॅट टाइप.

नॅट टाइप, म्हणजे निम्म्या तक्रारींचं मूळ

नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच आयपीवरून बाहेर नेण्याची राउटरची पद्धत. त्यात राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा: आतल्या माणसाने आधी बोलावलं असेल तरच बाहेरच्याला सोडतो. पीएस५ वर टाइप २ दिसला की काम झालं. टाइप १ म्हणजे कन्सोल राउटरशिवाय थेट इंटरनेटवर, त्याच्या मागे लागायची गरज नाही. टाइप ३ असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे गेम चालतात, पण पार्टीचा आवाज जातो, मित्राचं आमंत्रण फसतं, आणि टेकन ८ सारखे कन्सोल-ते-कन्सोल जोडणी करणारे फायटिंग गेम प्रतिस्पर्धीच शोधत बसतात. दोन टाइप ३ वाले एकमेकांना जोडले जात नाहीत, टाइप २ शीही कधी जुळतं, कधी नाही. एक्सबॉक्सवर याच पायऱ्यांना ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट म्हणतात. स्विचवर ए, बी, सी अशी अक्षरं येतात, त्यात ए किंवा बी हवं.

टाइप ३ असेल तर राउटरमध्ये हात घालण्याआधी एक तपासणी करा, नाहीतर संध्याकाळ वाया जाते. राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं) आणि तिथला वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, टिपून घ्या. मग त्याच वायफायवर फोनमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि आयपीव्ही४ चा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी आहे. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: कंपनीने शेकडो घरांना मिळून एकच पब्लिक आयपी दिलाय. भारतात हे अगदी सर्रास आहे, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर बहुतेक ठरलेलंच. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट (इथे केबलचे नव्हेत, तर डेटा आत यायची नंबर दिलेली दारं) उघडले तरी वरचं कुलूप कंपनीच्या हातात राहतं. फोन करून 'पब्लिक आयपी हवा, स्टॅटिक असला तरी चालेल' असं थेट मागा. बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागतात. लहान ऑपरेटर कधी नुसतं सांगितल्यावर बदलून देतो. सीजीनॅट असूनही टाइप २ दिसत असेल तर काही करू नका, खेळा.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा दुहेरी नॅट आहे: कंपनीचा डबा स्वतः राउटर, आणि त्याला तुम्ही आपला दुसरा राउटर जोडलाय. सोपा उपाय म्हणजे आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकणं, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो. दुसरा, कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगणं, म्हणजे राउटरचं काम तो सोडून देतो. मग पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावा लागतो, तो आधी मागून ठेवा.

पब्लिक आयपी आहे आणि तरीही टाइप ३, तर राउटरमध्ये यूपीएनपी चालू करा, त्याने कन्सोलला लागणारे पोर्ट आपोआप उघडतात. मग राउटर रीस्टार्ट करा, आणि पीएस५ रेस्ट मोडवर न टाकता पूर्ण बंद करून चालू करा. दहापैकी आठ घरांत इथेच मिटतं. नाहीच मिटलं तर:

१. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये कन्सोलच्या मॅक ॲड्रेसला एक कायमचा आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०. केबल आणि वायफायचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात, वापरता तोच घ्या.
२. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये त्या आयपीकडे टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९ वळवा. एक्सबॉक्ससाठी मुख्य पोर्ट यूडीपी ३०७४.
३. यूपीएनपी आता बंद करा. दोन्ही चालू ठेवले की काही राउटरांत ते एकमेकांशी भांडतात.
४. दोन्ही उपकरणं पुन्हा चालू करून टेस्ट घ्या.

घरात दोन कन्सोल असतील तर फॉरवर्डिंगच्या वाटेला जाऊ नका, एक पोर्ट एकाच आयपीकडे जातो. तिथे यूपीएनपीच ठेवा. एक्सबॉक्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दुसरा पोर्ट निवडायची सोय आहे, ती एका मशीनवर वापरा. डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे सोडणं, हा शेवटचा उपाय आहे, आणि कॉम्प्युटरचा आयपी चुकून तिथे टाकू नका.

पिंग

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, तेव्हा ३९ च्या खाली पिंग जाणं शक्यच नाही. केबल वळणं घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात तो आणखी जास्त. गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल आणि मुंबई असेल तर तेच निवडा. 'ऑटो' वर भरवसा ठेवू नका, रात्री उशिरा खेळाडू कमी झाले की ते दूरच्या सर्व्हरवर फेकून देतं.

पिंग एरवी ३० आणि मधूनच ३०० होत असेल तर बहुधा घरातच कोणीतरी अपलोड करतंय. लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की राउटरमध्ये रांग लागते आणि गेमची इवलीशी पॅकेट त्या रांगेत अडकतात. राउटरला क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर फोनचा बॅकअप पहाटेवर ढकला.

खातं, रात्रीचं डाउनलोड आणि वीज

विकत घेतलेल्या बहुतेक गेमच्या ऑनलाइन मॅचला पीएस प्लस लागतं, सगळ्यात स्वस्त इसेन्शियल त्याला पुरतं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. मुलांचं खातं असेल आणि गेम चालत असूनही चॅट बंद असेल, तर नॅटच्या मागे लागण्याआधी पालकांच्या खात्यातून संवादाची परवानगी दिली आहे का ते बघा.

१०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला सव्वादोन तास लागतात, ४० वर साडेपाच. तो रात्री रेस्ट मोडवर उतरवा: सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर सेव्हिंग, तिथे रेस्ट मोडच्या सोयींमध्ये 'स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट' चालू हवं. जिथे लाइट वरचेवर जाते तिथे मात्र कन्सोल रात्रभर रेस्ट मोडवर ठेवणं धोक्याचं, वीज जाताना डिस्कवर लिहिणं चालू असेल तर डेटा बिघडू शकतो. कन्सोल आणि टीव्ही इन्व्हर्टरवर असतील तर राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर घ्या, किंवा त्यांना वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा. विकत घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ चेही निघतात.