कॉम्प्युटरसाठी २.१ स्पीकर सेट: काय बघून घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

दुकानात २.१ सेट दाखवताना बहुतेक वेळा डीजेचा रीमिक्स लावतात. वूफर धडधडतो, शोकेसची काच थरथरते आणि गिऱ्हाईक तिथेच पैसे काढतं. तोच सेट घरी आला की बातम्या सांगणाऱ्याचा आवाज टेबलाखालून येतो, नाटकातले संवाद गुदमरतात, आणि महिन्याभरात बासचं बटण शून्यावर जाऊन बसतं. छोट्या सेटमध्ये दणका देणं सोपं असतं. अवघड असतं ते माणसाचा आवाज नीट काढणं, आणि पारख त्याचीच करायची.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या. २.१ म्हणजे दोन छोटे स्पीकर, त्यांना सॅटेलाइट म्हणतात, आणि खालचा, जाड आवाज काढणारी एक मोठी पेटी, म्हणजे सबवूफर किंवा नुसता वूफर. सॅटेलाइटमधला दोन-अडीच इंचांचा पडदा, म्हणजे थरथरून आवाज काढणारी गोल चकती, साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या खालचा आवाज ताकदीने काढू शकत नाही (हर्ट्झचा आकडा जितका कमी, तितका आवाज जाड), म्हणून कंपनी तिथून खालचं सगळं काम वूफरकडे सोपवते. या सांध्याला क्रॉसओव्हर म्हणतात. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, म्हणून मोठ्या होम थिएटरमध्ये सांधा ८० वर ठेवण्याची पद्धत आहे. तिथे वूफर सोफ्यामागे असला तरी चालतो. छोट्या सेटमध्ये मात्र सांधा दीडशेच्या वर असतो, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये पडतो. म्हणजे अर्धा आवाज स्क्रीनजवळून आणि अर्धा पायाजवळून.

त्यामुळे खोक्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा वूफरचा नाही, सॅटेलाइटच्या पडद्याचा आहे. तीन इंच असेल तर उत्तम, अडीच चालेल, दोनच्या खाली जाऊच नका. पातळ प्लास्टिकचे उंच मनोरे दिसायला छान असतात, पण जाळीमागे पडदा केवढा आहे ते मोबाइलचा टॉर्च मारून बघा. काही मनोऱ्यांत दोन पडदे दिसतात आणि त्यातला एक नुसताच शोभेचा असतो.

दुकानात ऐकायची रीत

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जाताना आपलीच गाणी मोबाइलमध्ये उतरवून न्या. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली क्लिप नको, तिच्यातला खालचा-वरचा आवाज आधीच कापला गेलेला असतो. मोबाइलला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर सोबत ठेवा. ब्लूटूथवर ऐकून ठरवू नका, सेट घरी वायरवरच चालणार आहे. मोबाइलमधला इक्वलायझर बंद करा आणि सेटचं बास बटण मधोमध ठेवायला सांगा. दुकानदार ते आधीच पूर्ण फिरवून ठेवतात.

मग याच क्रमाने ऐका. आधी नुसतं बोलणं: पुरुषाच्या आवाजातली बातमी किंवा व्याख्यान. डोळे मिटले तर आवाज दोन सॅटेलाइटच्या मधोमध, तोंडाच्या उंचीवर वाटला पाहिजे. तो जमिनीकडे ओढला जात असेल किंवा ‘म’, ‘ब’, ‘ग’ घुमत असतील तर तो सेट सोडा, त्याचा दणका कितीही असो. दुसरं, तबल्याची साथ असलेली गझल किंवा ठुमरी. डग्ग्याची घुमारी आणि उजव्याची चाट एकाच वेळी ऐकू आली पाहिजे आणि ती एकाच वाद्याची जोडी वाटली पाहिजे. तिसरं, बास गिटार ठळक असलेलं गाणं, ज्यात ती सुरावरून सुरावर चालत जाते. प्रत्येक सूर थोड्याफार सारख्या जोराने यावा. एकच सूर ढुम्म करून फुगत असेल आणि आजूबाजूचे हरवत असतील, तर त्या वूफरची पेटी आणि नळी (हवा आत-बाहेर जायचं पेटीचं गोल तोंड) एकाच सुरावर वाजते असं समजा. रीमिक्समध्ये हा दोष कळत नाही, कारण तिथे एकच ठोका परत परत येतो.

शेवटी आवाज तीन-चतुर्थांशापर्यंत चढवा आणि वूफरच्या नळीसमोर कान न्या. ‘फूस फूस’ असा वारा ऐकू आला तर नळी लहान आहे. पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करा. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) चांगली पेटी ठोस वाजते, पातळ प्लास्टिकची पोकळ.

वॉटचं गणित

खोक्यावर पीएमपीओ म्हणून छापलेला वॉटचा आकडा सरळ विसरा, त्याला मोजमापाची कुठलीही मान्य रीत नाही. पीक म्हणजे क्षणभराचा जोर. तुलना करायची ती आरएमएसची, म्हणजे सेट सतत देऊ शकतो त्या जोराची. लॉजिटेकचा झेड ३३३ उदाहरणाला घ्या: पीक ८० वॉट, आरएमएस ४० वॉट, त्यातले २४ वूफरला आणि प्रत्येक सॅटेलाइटला ८. दोन्ही आकडे कंपनीच सांगते, पण नजरेत भरतो तो मोठा.

आरएमएसवरही विश्वास नसेल तर सेटची पाठ बघा. अॅडॉप्टरवर चालणारा असेल तर त्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणा. १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ वॉट. आत २४ वॉट जात असतील तर बाहेर सतत ६० वॉट येणं शक्यच नाही. यूएसबीवर चालणाऱ्या सेटचं तर आणखी सोपं आहे: साध्या यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० वर साडेचार. असा सेट अभ्यासाच्या टेबलावर एकट्यासाठी पुरतो, पण त्याच्या खोक्यावरचं ‘२० वॉट’ साध्या पोर्टवर खरं ठरत नाही. अॅडॉप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही तिथल्या तिथे पाहून घ्या.

वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून ३० आणि ४० वॉटमधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दहा बाय बाराच्या खोलीत, टेबलापासून दोन-अडीच फुटांवर बसून ऐकायला २० ते ४० वॉट आरएमएस भरपूर आहेत.

एप्रिल ते जूनचं मात्र वेगळं. नागपुरात तेव्हा खिडकीत कूलर घोंघावत असतो आणि त्या घरघरीत बोलण्यातले बारीक उच्चार बुडतात. अशा वेळी बहुतेक जण बास वाढवतात, त्याने काहीच साधत नाही, उलट गोंगाटात भर पडते. बास थोडा उतरवा, ट्रेबलचं (बारीक आवाजाचं) बटण असेल तर किंचित चढवा आणि सॅटेलाइट जवळ ओढा. अंतर निम्मं केलं की थेट कानावर येणारा आवाज ६ डेसिबलच्या आसपास वाढतो. ते चौपट वॉट विकत घेण्याइतकं आहे, आणि फुकट.

ऊन, पाणी आणि पाली

बहुतेक सेटमध्ये अॅम्प्लिफायर वूफरच्या पेटीतच असतो. आतले कपॅसिटर दर १० अंश जास्त तापमानामागे साधारण निम्मं आयुष्य गमावतात, आणि आपल्याकडे बाहेरच पारा ४५च्या पुढे जातो. म्हणून पेटीची पाठ भिंतीला चिकटवू नका, १० ते १५ सेंटिमीटर जागा सोडा. खिडकीच्या पडद्याआड, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून तर मुळीच ठेवू नका. पॉवरचं बटण समोरच्या रिमोटवर असेल तर ते बंद केल्यावरही आतला ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो आणि गरम होतो. काम झालं की बोर्डावरून बंद करा.

पडद्याच्या कडेची गोल पट्टी रबराची आहे का फोमची, ते बोट न लावता बघा. फोम काही वर्षांत भुरभुरतो, रबर टिकतो. एमडीएफ पाण्याने फुगतं आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. कूलरचे शिंतोडे उडतात तिथे किंवा रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीवर पेटी सरळ ठेवू नका. खाली कडप्प्याचा तुकडा आणि त्यावर रबरी पाय, एवढं पुरे. नळीतून पाली आणि झुरळं आत शिरतात आणि सर्किटवर मरतात. मोठ्या छिद्रांची नायलॉन जाळी नळीच्या तोंडावर सैल बांधा, बारीक जाळी हवा अडवते.

जोडणीही बघायची. सॅटेलाइटच्या वायरी साध्या आरसीए पिनांच्या किंवा दाबायच्या क्लिपच्या असतील तर तुटल्यावर कुठलाही कारागीर बदलून देतो. वायर स्पीकरमधूनच निघत असेल किंवा व्हॉल्यूमचं बटण खास अनेक-पिनी वायरच्या टोकाला असेल, तर त्या बटणात खरखर सुरू झाली की सगळा सेट अडतो. वायरची लांबीही विचारा. टेबलाच्या दोन्ही टोकांना स्पीकर आणि खाली वूफर ठेवायला प्रत्येकी दीड मीटरपेक्षा कमी असेल तर ताण पडतो.

मांडणी

सॅटेलाइट कानाच्या उंचीवर हवेत. ते बुटके असतील तर पाठीकडे किंचित झुकवून वर बघायला लावा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या डोक्याचं अंतर सारखं ठेवा, ८० सेंटिमीटर ते १ मीटर. तोंडं आतल्या बाजूला, तुमच्याकडे वळवा.

क्लिपच्या वायरी असतील तर लालला लाल, काळ्याला काळी. एका बाजूला उलटी जोडली गेली तर आवाज येतो, पण मधोमध राहत नाही, डोक्याभोवती पसरतो आणि खालचा भाग पातळ होतो. पुष्कळ ‘बिघडलेले’ सेट एवढ्यानेच दुरुस्त होतात.

वूफर टेबलावर कधीच नको. जमिनीवर ठेवा, पण थेट कोपऱ्यातही नको. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने साधारण ४७ आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला आवाज आपोआप फुगतो. कोपऱ्यात हे दोन्ही फुगवटे पूर्ण जोराने उठतात, आणि खोलीच्या अगदी मध्यावर खुर्ची असेल तर नेमके तेच सूर गायब होतात. जागा शोधायची खात्रीची युक्ती अशी: वूफर उचलून तुमच्या खुर्चीवर ठेवा, बास गिटारचं तेच गाणं लावा आणि गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेने सरका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती वूफरची जागा. क्रॉसओव्हर वर असलेल्या छोट्या सेटमध्ये मात्र ही जागा दोन सॅटेलाइटच्या मधल्या पट्ट्यातच शोधा, नाहीतर आवाज पुन्हा बाजूला ओढला जाईल.

आता बासचं बटण शून्यावर न्या, बोलणं लावा आणि हळूहळू चढवा. आवाज भारदस्त व्हायला लागला की पुढे जा, घुमायला लागला की एक पाऊल मागे. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून रोजचा कमी-जास्त आवाज स्पीकरच्या बटणावर करा, म्हणजे मागची सूं-सूं दबून राहते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर लक्षात ठेवा की बास स्लॅबमधून खाली उतरतो आणि दार लावून थांबत नाही. पेटीखाली जाड रबराचा किंवा दाट फोमचा पॅड घाला. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. वूफर स्वतंत्र बंद करता येतो का, हे म्हणूनच विकत घेताना विचारायचं. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर चार इंची पडद्यांची नुसती २.० जोडी घ्या. गाण्याला आणि बोलण्याला ती बहुतेक स्वस्त २.१ सेटपेक्षा सरसच वाजते.

बिघाड वाटतो तेव्हा

सतत घूं आवाज येत असेल तर कॉम्प्युटरमधली पिन काढा. घूं तशीच राहिली तर दोष सेटमध्ये आहे, वॉरंटीत द्या. थांबली तर वीजजोडणीकडे वळा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मग स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत दोन पिनांचेच बोर्ड उरले असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची जाड पिन कापून घूं थांबवण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो. एवढं करूनही राहिली तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगमधून येणारी घूं अडवणारी छोटी डबी, लावा. अगदी स्वस्त आयसोलेटर थोडा बास खातो, हे गृहीत धरा.

कूलर सुरू-बंद होताना ‘टक्’ आवाज येत असेल तर दोघांचा बोर्ड वेगळा करा. सिनेमात संगीत येतं पण संवाद येत नाहीत, अशी तक्रार असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडलेलं असतं. संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात आणि तो स्पीकर तुमच्याकडे नाहीच. तिथे स्टिरिओ निवडा. वूफर असला तरी २.१ सेटला कॉम्प्युटरकडून स्टिरिओच लागतो, आणि पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये जाते. एकच बाजू वाजत असेल तर डावी-उजवी वायर वूफरच्या पाठीमागे अदलाबदल करा. मुका स्पीकर तोच राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर गेली. मुकेपणा दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष ऑडिओ पिनेत किंवा अॅम्प्लिफायरमध्ये. दुकानात परत नेण्याआधी मोबाइल जोडून एकदा ऐका, म्हणजे पिन आणि कॉम्प्युटर यांतलं कोण ते लगेच कळेल.