रेल्वे इंजिनाचं मॉडेल: विकत घ्यायचं की घरी बनवायचं, आणि बनवायचं तर कसं

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे ना, १९९८ पासूनचं, ते बघून बाहेर पडणारे निम्मे लोक विचारतात असं इंजिन कुठे मिळेल, आणि उरलेले निम्मे घरी जाऊन पुठ्ठा कापायला बसतात आणि रविवार संपायच्या आत सोडून देतात. मी आधी पुठ्ठ्यावाल्यांत होतो, मग विकत घेणाऱ्यांत, आता मधेच कुठेतरी आहे आणि मधेच बरं आहे असं माझं मत झालंय. म्हणजे धावणारा भाग विकत घ्यायचा, दिसणारा भाग आपण करायचा. खालची चासी, मोटर, गिअर, चाकं रेडीमेड, वरची बॉडी आणि रंग आपला. मोटर-गिअरसुद्धा घरी जुळवायच्या नादात मी एक अख्खा पावसाळा घालवलाय आणि शेवटी ते इंजिन फक्त उतारावर चालायचं.

आधी स्केल

एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं, रूळ (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. ब्रिटिश मॉडेल बहुतेक ओओ असतात, १:७६, पण रूळ तोच १६.५, त्यामुळे चालतील एचओच्या रुळावर पण शेजारी उभी केली की जरा धिप्पाड दिसतात. नवख्या माणसाने एचओ घ्यावं, हाताला आणि डोळ्याला झेपतं. जागेचं बघा मात्र. १८ इंच रेडियसचा साधा गोल टाकायचा तरी चार फूट रुंद प्लायवूड लागतो, तो टू बीएचकेमधे दिवाणाखाली जातोय का हे आधी टेप घेऊन मोजा, मग घरात विषय काढा.

अजून एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनाच छळते. एचओचा रूळ १४३५ मिमीच्या परदेशी गेजवर बेतलाय, आपला ब्रॉडगेज १६७६ चा. तो १:८७ ला १९.३ मिमी येतो. त्यामुळे भारतीय इंजिन एचओच्या रुळावर ठेवलं की मोठ्या दादाने धाकट्याची पॅन्ट घातल्यासारखं दिसतं. सोडून द्या. ज्यांना ते पावणेतीन मिलिमीटर खुपतात ते स्वतःचे रूळ स्वतः ठोकतात, तो वेगळाच आजार आहे.

विकत घेताना

तुम्हाला फक्त गाडी पळताना बघायची असेल, किंवा घरात सात-आठ वर्षांचं पोरगं असेल, तर सरळ रेडीमेड घ्या आणि पुढचं वाचू नका. वाफेचं इंजिन हवं असेल तरीही रेडीमेडच, ते चाकाबाहेरचे दांडे आणि त्यांचं टायमिंग पहिल्या प्रयत्नात जमत नाही म्हणजे नाही. अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन, जपानी इंजिनांची मॉडेल भरपूर आहेत, भारतीय इंजिनांचं तसं नाही आणि म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. घेताना एवढं बघा की मार्क्लिन या जर्मन कंपनीचं एचओ त्यांच्या मधल्या तिसऱ्या संपर्काच्या पद्धतीवर चालतं, ते साध्या दोन रुळांच्या १२ व्होल्ट डीसी सेटवर चालणार नाही, स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका. सेकंडहँड असेल तर अगदी हळू चालवून दाखवायला सांगा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. टक, टक, टक असं ठरावीक अंतराने लंगडत असेल तर बहुतेक ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो. बाहेरून मागवणार असाल तर पार्सलवर कस्टम ड्युटी लागते तीही धरा. पुण्यात यावर जुना इलाज आहे, डिसेंबरमधे अमेरिकेहून कोण येतंय ते बघा आणि बॅगेत जागा आहे का ते चितळ्यांच्या बाकरवडीचं नाव काढून विचारा.

बॉडी बनवणं

पहिलं इंजिन म्हणून डब्ल्यूडीएम-२ घ्या, आपल्या रेल्वेची जुनी डिझेल इंजिनांची जात. १९६२ ला ही अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून वाराणसीत बनायला लागली, आणि याचा आपल्याला फायदा असा की अल्कोच्या सहा ॲक्सलच्या जुन्या अमेरिकन इंजिनांची बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) तशीच असते, तीन ॲक्सल पण मधली अंतरं सारखी नसलेली. अशा एखाद्या मॉडेलची चासी मिळाली की अर्धं काम झालं. वरची बॉडी तर पेटीच आहे जवळजवळ.

ड्रॉइंग १:८७ ला प्रिंट करा. खरं इंजिन साधारण १७ मीटर, म्हणजे कागदावर साडेएकोणीस सेंटीमीटर आलं पाहिजे. प्रिंट हातात आली की दुकानातच पट्टी लावा. माझ्या वेळी प्रिंटवाल्याने फिट टू पेज ठेवलं होतं, मी न मोजता चार संध्याकाळी घालून बॉडी कापली, ती साडेअठरा सेंटीमीटरची झाली आणि चासी पुढून जीभ काढल्यासारखी बाहेर.

पुठ्ठा नको, पॉलिस्टायरीनची शीट घ्या, भिंतींना १ मिमी आणि वरच्या बारीक दारांना पाव मिमी. शीट आरपार कापायची नसते, कटरने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर ठेवून मोडायची, कट्कन सरळ तुटते. जोडायला पातळ प्लास्टिक सिमेंट, ब्रशच्या टोकाने सांध्यावर टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवून करा, वास डोक्यात जातो. फेविक्विक शक्यतो नको, काचेजवळ पांढरी वाफ धरतं. खिडक्यांच्या काचा सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर, साध्या फेविकॉलने बसवायच्या, तो वाळला की पारदर्शक होतो.

रेडिएटरच्या जाळीला चहाची गाळणी कापली (नवी आणा, घरातली घेतली तर मला विचारू नका). रेलिंगला ०.४ मिमीची पितळी तार. गिटारची तार वापरा असा सल्ला मिळेल, ऐकू नका, ती स्टीलची, वाकत नाही आणि निपर्सची धार जाते. हेडलाइटला ३ मिमीचा वॉर्म व्हाइट एलईडी आणि सोबत १ किलोओहमचा रेझिस्टर, पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही मिळतं. इंजिन हलकं असेल तर चाकं जागेवरच फिरतात, म्हणून आत वजन भरा. कारच्या व्हील बॅलन्सिंगला लावतात ते चिकटपट्टीचे तुकडे टायरवाल्याकडे मिळतात, दोन्ही बोगींवर सारखे वाटून लावा.

रंग

खरी गंमत इथे आहे आणि वाटही इथेच लागते. बॉडी आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, वाळवा, मग हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागलं की तिथला रंग पोपडा धरतो. राखाडी प्रायमर मारा. प्रायमर मारल्यावरच कळतं की सांधे किती वाईट झालेत, पुट्टी, ८०० चा पॉलिशपेपर, परत प्रायमर, असं दोन-तीनदा होतं, कंटाळू नका.

पावसाळ्यात स्प्रे करू नका. जुलैमधे गॅलरीत मारलेलं माझं वार्निश दुधाळ झालं, हवेतला ओलावा रंगात अडकतो. एप्रिल-मे मधे उलटं होतं, ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) टोकावरच वाळतो आणि एअरब्रश थुंकायला लागतो, तेव्हा दोन थेंब रिटार्डर घाला, त्याने रंग सावकाश वाळतो. दसरा-दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. नोझल ०.३ मिमी, प्रेशर १५ ते २० पीएसआय, आणि पहिला हात इतका पातळ की प्रायमर दिसत राहिला पाहिजे.

आता पट्टा. फिका रंग आधी, गडद नंतर, म्हणजे पिवळा पट्टा हवा तर पिवळा आधी मारून चोवीस तास वाळू द्यायचा. मग मॉडेलिंगची मास्किंग टेप, हार्डवेअरवाली खाकी नको. टेपची कड टूथपिकच्या बोथट टोकाने दारांच्या कडांवर, बिजागरांवर दाबत न्यायची, इथे घाई केलीत की संपलं. आणि मग ही युक्ती, मला फार उशिरा कळली: गडद रंग मारायच्या आधी टेपच्या कडेवर परत एकदा पिवळाच मारायचा. टेपखाली जे काही झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि फट बुजते. नंतर वरून लाल मारा, बोटाला चिकटेनासा झाला की लगेच टेप स्वतःवर दुमडून तिरकी ओढा. ती टेप निघताना खालून जी सरळ रेघ दिसते त्यासाठी मी हा छंद करतो असं म्हटलं तरी चालेल.

नंबर आणि शेडचं (इंजिन जिथलं असतं त्या डेपोचं) नाव डिकल पेपरवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या स्टिकरच्या कागदावर, प्रिंट करा, पण साधा प्रिंटर पांढरं छापत नाही, तेव्हा पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढरा डिकल पेपर घेऊन भोवती बॉडीचा रंग छापावा लागतो. डिकलच्या आधी ग्लॉस वार्निश, नंतर मॅट. मॅटच्या वर काळ्या रंगाचं पाणी करून जाळ्यांत सोडा आणि बाकीचं पुसून घ्या, शेवटी डिझेल इंजिन आहे, धुतलेलं शोभत नाही.

खर्चाचं विचाराल तर पहिलं इंजिन घरी बनवणं विकत घेण्यापेक्षा महागच पडतं, एअरब्रश आणि कॉम्प्रेसरच चांगल्या रेडीमेड इंजिनाच्या किमतीला जाऊन टेकतात. तिसऱ्या इंजिनापासून हिशोब बरा दिसायला लागतो, बायकोला मी असंच सांगितलंय.

तयार झालं की अर्ध्या स्पीडला अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा, गिअरला सुईच्या टोकाने एकच थेंब तेल. आणि ठेवताना मऊ टिश्यूत गुंडाळा, बबल रॅपमधे नाही. माझं पहिलं गणपतीच्या देखाव्यात दहा दिवस पळालं, विसर्जनानंतर मी ते बबल रॅपमधे बांधून माळ्यावर टाकलं, दिवाळीत काढलं तर उजव्या बाजूला गोल गोल ठसे उमटलेले. ती बाजू आता भिंतीकडे असते.