हंगाम उलटला तरी कारण सापडेल असा गिट इतिहास

जिनिंगवर कापसाच्या काट्याची पावती काढणारा कोड हंगाम संपला की महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. दिवाळीच्या सुमारास गाड्या यायला लागतात, एखादी पावती चुकते, आणि तेव्हा मूळ प्रोग्रॅमर गावात नसतो, कधी रेंजही नसते. गिट (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) वापरत असाल तर क्लोनसोबत, म्हणजे कोडच्या पूर्ण प्रतीसोबत, आलेला इतिहास मात्र नेटशिवाय वाचता येतो. म्हणून बदलाचे कारण कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) मजकुरातच लिहा. ट्रॅकरमधल्या (कामांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतल्या) तिकिटाची नुसती लिंक पुरत नाही. ट्रॅकर बदलला की ती कायमची जाते.

कमिट करताना ‘एम’ (-m) लावून एका ओळीत उरकू नका. नुसते ‘गिट कमिट’ दिले की एडिटर उघडतो. पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास, मग एक रिकामी ओळ, मग ७२ अक्षरांवर मोडलेला मजकूर. रिकामी ओळ विसरलात तर गिट पुढचा मजकूरही शीर्षकात ओढते.

‘ओलावा दुरुस्ती’ या शीर्षकातून पुढच्याला काही कळणार नाही. असे लिहा:

ओलावा १२% च्या वर असल्यास पावती थांबवा

सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीत ८% पर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२% ला प्रमाणात कपात, त्यावर खरेदी नाही. आधी फक्त कपात होत होती, म्हणून १४% च्या गाडीचीही पावती निघे.
खासगी खरेदीला ही अट मुद्दाम लावलेली नाही.
शून्य ओलावा म्हणजे मीटरचे वाचन आले नाही. तो कोरडा माल धरू नये.

काय बदलले ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतेच. खरी किंमत शेवटच्या दोन ओळींची आहे: ‘मुद्दाम’ हा शब्द नसेल तर पुढचा माणूस चूक समजून तीच अट खासगी खरेदीलाही लावेल.

एका कमिटमध्ये एकच बदल ठेवा. फाइलमध्ये दोन कामे मिसळली असतील तर ‘गिट ॲड’ला ‘पी’ (-p) लावून तुकडे वेगळे निवडा. नाव बदलणे आणि मजकूर बदलणे तर एकत्र करूच नका. गिट नावबदल नोंदवत नाही, साम्यावरून ओळखते. साम्य ५०% च्या खाली गेले की जुनी फाइल पुसून नवी आली असे दिसते आणि मागचा धागा तुटतो.

सगळ्या कोडचे फॉरमॅटिंग केले की ‘गिट ब्लेम’मध्ये (कोणती ओळ कोणत्या कमिटने शेवटची बदलली ते दाखवणारी कमांड) प्रत्येक ओळीवर तोच कमिट येतो. तो वेगळा ठेवा, मुख्य शाखेत गेल्यावर त्याचा पूर्ण हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत लिहा आणि ‘ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल’ (blame.ignoreRevsFile) या सेटिंगमध्ये त्या फाइलीचे नाव द्या, म्हणजे ब्लेम तो कमिट वगळते. ही सोय गिट २.२३ पासून आहे. हॅश आधीच लिहून मग रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणे) केलात तर तो बदलतो आणि नोंद वाया जाते.

‘गिट रिव्हर्ट’ कोणता कमिट मागे घेतला एवढेच आपणहून लिहिते. का घेतला ते तुम्ही लिहा. स्क्वॅश (अनेक कमिटांचा एक) करताना आतल्या कमिटमधली कारणे नव्या मजकुरात उतरवून घ्या.

कारण उशिरा कळले आणि कमिट पुश झालेला (सर्व्हरवर गेलेला) असेल तर इतिहास पुन्हा लिहू नका, ‘गिट नोट्स’ (कमिटला मागाहून जोडायच्या टिपा) वापरा. नोट्स साध्या पुशने जात नाहीत. ‘रेफ्स/नोट्स/कमिट्स’ वेगळे पुश करावे लागते, आणि समोरच्यालाही ते सर्व्हरवरून वेगळे फेच करावे (आणावे) लागते.