हे खरे आहे काय? आमदाराच्या कार्यालयात शिरू पाहणाऱ्यांसाठी

राजकारणात करिअर करायचंय म्हणून भेटायला येणारी पोरं पहिल्यांदा तिकिटाचं विचारतात. वय २५ पूर्ण, राज्यातल्या मतदारयादीत नाव आणि १०,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००). विधानसभेला उभं राहायला एवढ्यानं सुरुवात होते म्हटलं की चेहरे खुलतात. मग मी विचारतो, तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यावं म्हणून आमदार लिहून देतो तो, कधी वाचलायस का? तिथं बहुतेकांची गाडी अडते.

मी मराठवाड्यातल्या एका आमदारांकडे दोन टर्म पीए होतो. सरकारी भाषेत स्वीय सहायक. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, इथंही तेच चालू दे.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. आमच्याकडे एक पाझर तलाव दोन पावसाळ्यांतच गळायला लागला होता. मी हौसेनं प्रश्न लिहिला: मौजे पिंपळगाव खुर्द येथील पाझर तलावाचे काम निकृष्ट झाल्याने गळती लागली आहे, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर छापून आलं. "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." माझं डोकंच फिरलं. तलावाच्या भिंतीतून निघणारं पाणी मी स्वतः पाहिलं होतं. अण्णांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तलाव बुद्रुकच्या शिवारात आहे. मंत्री खोटं बोलले नाहीत, आपण बोललो."

तेव्हापासून गावाचं पूर्ण नाव, गट नंबर, प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि कामाची किंमत हातात असल्याशिवाय मी प्रश्नाला हात लावला नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर येतं, त्यात खात्याचीही चूक नाही. आणि "हे अंशतः खरे आहे" असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. खात्यानं काहीतरी कबूल केलंय, उपप्रश्न तिथंच लावायचा. अर्थात तोंडी चर्चेला यादीतले वरचे मोजकेच प्रश्न येतात, बाकीच्यांची नुसती लेखी उत्तरं मिळतात. आपला प्रश्न खाली गेला की लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा अशी दुसरी आयुधं शोधायची. ही सगळी नावं अधिवेशनाच्या आदल्या रात्री पाठ होत नाहीत. डिसेंबरात नागपूरला आमदार निवासाच्या खोलीत सहा-सात कार्यकर्ते सतरंजीवर घोरत असताना, कोपऱ्यात बसून मी ती शिकलो.

पत्रांचंही तसंच. आमदारांच्या पत्रावर मंत्र्यांचा शेरा मिळाला की कार्यकर्ते पेढे वाटतात. आधी शेरा वाचा. "नियमानुसार कार्यवाही करावी" याचा अर्थ बहुतेक वेळा पत्र फाइलला लागलं एवढाच. "तपासून प्रस्ताव सादर करावा" असेल तर निदान कुणाला तरी टिपणी लिहावी लागते. तो शेरा ज्या डेस्कवर जातो तिथल्या कक्ष अधिकाऱ्याशी माझी जेवढी कामं झाली, तेवढी मंत्र्यांच्या दालनात झाली नाहीत.

निधीचा हिशेबही करून ठेवा. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो. मतदारसंघात सव्वाशे गावं धरली तर गावाला ४ लाख येतात, आणि मागणी असते सभामंडपाची. पैसेही आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. हे लोकांना समजावणं हेच निम्मं काम, आणि ते कुणालाच पटत नाही.

आता कडू भाग. सभागृहातलं काम आणि मतं यांचा संबंध फार पातळ आहे. लग्नसराईत अण्णा एका दिवसात अकरा मांडव करायचे. एखादा राहिला तर त्या घरचे पाच वर्षं आठवण ठेवायचे, लक्षवेधी मात्र कुणाच्या लक्षात नसायची. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. १९६२ पासून एकच मतदारसंघ आणि एकच पक्ष, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. एसटीनं फिरणारा आमदार अशी त्यांची ओळख. तरी १९७२ ला पडले, आणि १९९५ ला पुन्हा पडले ते अवघ्या १९२ मतांनी. एवढ्या मोठ्या माणसाला १९२ मतं कमी पडतात, हे मी नवीन पोरांना मुद्दाम सांगतो. आणि पुढच्याच निवडणुकीत, १९९९ ला, तेच परत आले, हेही सांगतो.

तरीही मी कागदाच्या बाजूचा आहे. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ती लावून धरली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी करून पाहिली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मांडवात जाऊन हे होत नाही. पण मांडवात गेलंच नाही तर सभागृहातही जाता येत नाही. बहुतेक आमदारांचा दिवस या ओढाताणीत संपतो, आणि पीएची रात्र.

शिकायचं असेल तर ग्रामपंचायतीपासून सुरू करा. ग्रामसभेचा ठराव नीट लिहिता येणाऱ्याला प्रश्न लिहायला वेळ लागत नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज मिळतं. आपल्या आमदारांनी काय विचारलं आणि काय उत्तर आलं, ते महिनाभर वाचून काढा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, पीएची नोकरी साहेबांच्या टर्मएवढीच.

आमचे अण्णा तिसऱ्या वेळी पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातली कपाटं रिकामी करत होतो, तर दारात एक आजी, हातात निराधार योजनेचा अर्ज. निकालाचं तिला माहीत होतं. म्हणाली, "पडले तर पडले, कागद तर लिहून दे." लेटरहेडचे दीड रीम उरले होते. एक कागद घेतला, "विधानसभा सदस्य"च्या आधी पेनानं "माजी" लिहिलं आणि तिला गावाचं नाव विचारलं.

म्हणाली, "पिंपळगाव."

म्हटलं, "बुद्रुक का खुर्द?"