कंपनीत छळ होत असेल तर आधी वही उघडा

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत त्रासाची तऱ्हा बहुतेक एकच असते. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पाणउतारा होतो, हुकूम सगळे तोंडी येतात, आणि माल अडकला की इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही ज्युनिअर इंजिनिअरची हवी असते. यातलं तिसरं सगळ्यात घातक आहे, कारण अपमान विसरता येतो, सही राहते.

पहिलं काम म्हणजे एक बांधीव वही घ्या, पानांवर नंबर टाका आणि ती घरीच ठेवा. घडलं त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, हजर कोण होतं आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘सर नेहमी ओरडतात’ या नोंदीचा कुणाला उपयोग नाही. ‘सकाळी 9.10, असेंब्ली लाईनजवळ, प्रोडक्शन मॅनेजर म्हणाले, डोकं घरी ठेवून येतोस का?’ ही नोंद पुढे कामाला येते. कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काहीही लिहू नका. राजीनाम्याच्या दिवशी तो काढून घेतात.

इथेच बरेच जण फसतात. पुरावा म्हणून ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पीपीएपीची (सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या कागदपत्रांची) फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. मग मूळ तक्रार बाजूला पडते आणि डेटा चोरल्याची नोटीस त्यांनाच येते. वहीत फक्त रिपोर्टचा नंबर आणि तारीख टिपा.

आता सहीचं. समजा 25 एच7 चं बोअर (25 मिमीचं भोक, एच7 म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची खूण) आहे, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी हवं. सीएमएम (अचूक मापं घेणारं मशीन) 25.034 दाखवतंय आणि वरून निरोप येतो, ‘25.025च्या आत दाखव, गाडी उभी आहे.’ (तेवढ्यानेही ते बसत नाही, पण घाईत हे कुणी बघत नाही.) तुम्ही मोजलेलाच आकडा लिहा, लॉटला लाल टॅग लावा आणि तासाभरात साहेबांना मेल करा:

‘सर, आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे, या लॉटमध्ये बोअर 25.034 येत आहे. माल होल्डवर ठेवला आहे. पाठवायचा असल्यास ग्राहकाचं डेव्हिएशन लागेल. माझं काही चुकत असेल तर कळवावं.’

एवढंच. (डेव्हिएशन म्हणजे मापाबाहेरचा माल घ्यायला ग्राहकाने दिलेली परवानगी.) टोमणा नको, कायद्याची धमकी नको. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या 8.7.1.1 कलमानुसार ग्राहकाच्या परवानगीशिवाय असा माल पुढे पाठवता येत नाही, त्यामुळे तुमचा मेल कंपनीच्या स्वतःच्या नियमाला धरून असतो. पहिल्याच मेलमध्ये डायरेक्टरला सीसी करू नका, साहेब ते भांडण समजतात. तोच प्रकार पुन्हा झाला तर क्वालिटी हेडला जोडा.

एचआरकडे ‘वातावरण टॉक्सिक आहे’ म्हणत गेलात तर चहा पाजून परत पाठवतील. वहीतले तीन प्रसंग तारखांसकट न्या आणि मागणी एकच ठेवा, उदाहरणार्थ रिपोर्टिंग बदलून द्या. भेट झाली की जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर टाका.

लैंगिक छळाचा मार्ग वेगळा आहे. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. महिला कर्मचाऱ्याने लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे, आणि ती चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

झोप उडाली असेल, कामावर जायच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. सेवा मोफत आहे.

सोडायचं ठरलं तर राजीनाम्याआधी नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात हवं, तोंडी शब्दावर नोटीस देऊ नका. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि अप्रेझलची पत्रं आधीच उतरवून घ्या, नंतर पोर्टल बंद होतं. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) कंपनीने दिलेल्या सिम कार्डाला जोडलेला असेल तर स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणा. कायम नोकरीत पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब करून मगच तारीख ठरवा. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायचा बॉण्ड म्हणजे नुसता कागद असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे, तेव्हा सही केलेली अट वकिलाला दाखवा. डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

आणि पुढे तक्रार करायची असेल तर राजीनाम्यात सवयीने ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. तेच पत्र उद्या तुमच्यासमोर ठेवतील. खरं कारण दोन ओळींत लिहा आणि पोच घ्या.