मुलांबरोबर सिनेमातले पदार्थ करताय? या चुका टाळा

आमच्याकडे एक आड एक शनिवारी रात्री घरीच सिनेमा असतो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, ती सहा वर्षांची असताना आम्ही हे सुरू केलं. ठरवलं होतं एवढंच, की सिनेमात जे खातात त्यातला एखादा पदार्थ तिने आणि मी मिळून करायचा आणि मग आजीसकट सगळ्यांनी एकत्र बसून सिनेमा बघायचा. पहिल्याच शनिवारी मी ‘रॅटाटुई’ निवडला. शेवटी येणारी ती रंगीत चकत्यांची गोल नक्षी मला हुबेहूब करायची होती. संध्याकाळी सहाला आम्ही भाज्या कापायला घेतल्या. साडेनऊला ताट तयार झालं तेव्हा मुलगी सोफ्यावर झोपली होती. तिने त्या दिवशी केलेलं काम म्हणजे मला वांगी आणून देणं. आजही आठवलं की मला वाईट वाटतं.

त्यानंतर कितीतरी पदार्थ फसले, काही छान जमले. दरवेळी एकच गोष्ट दिसली. मुलाच्या मनात पदार्थापेक्षा त्या प्रसंगाला जास्त जागा असते. झाकण उघडल्यावर कुणाचा चेहरा कसा खुलला, कुणी कुणासाठी डबा भरला, हे त्याला लख्ख आठवतं. ते सापडलं की पदार्थ आपोआप सोपा होतो. बहुतेक चुका होतात त्या हे न बघता पाककृतीच्या मागे धावल्यामुळे.

पडद्यावर दिसतं तसंच करण्याचा हट्ट

‘रॅटाटुई’चंच बघा. २००७ च्या त्या सिनेमातली चकत्यांची मांडणी घरगुती नाही. तिचं नाव कॉन्फी बियाल्दी. फ्रेंच शेफ मिशेल गेरार यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली आणि सिनेमासाठी अमेरिकी शेफ थॉमस केलर यांनी तिला आजचं रूप दिलं. मूळ रॅटाटुई ही दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातली साधी भाजी आहे: वांगी, टोमॅटो, झुकिनी, भोपळी मिरची, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल, सगळं ढोबळ कापून मंद आंचेवर शिजवलेलं. सिनेमातला तो कडक समीक्षक पहिल्या घासाला ज्या आठवणीत जातो, तिथे आईने लहानग्यासमोर ठेवलेलं साधं घरचं जेवण आहे. म्हणजे आपल्याला काय करायचं ते सिनेमानेच सांगून ठेवलंय.

सहा-सात वर्षांच्या मुलाबरोबर म्हणून ही ढोबळ भाजीच करा. चकत्या हव्याच असतील तर दहा वर्षांपुढे, आणि तेव्हाही चकत्यांची किसणी मोठ्यांच्याच हातात. त्या पात्याने बोटाचा शेंडा कापायला एक क्षण पुरतो. मुलाला चकत्या रचायचं काम द्या, नाहीतरी खरी मजा त्यातच आहे. लांबट कोवळी वांगी आणि साधारण त्याच जाडीचे टोमॅटो निवडले तर गोल नीट बसतो. झुकिनी मिळाली नाही तर कोवळा दुधी चालतो, काकडी मात्र नको, तिला फार पाणी सुटतं.

घरी ओव्हन नाही म्हणून हा बेत सोडू नका. जाड बुडाच्या पसरट पॅनमध्ये टोमॅटो-मिरचीचा दाटसर रस पसरायचा, त्यावर चकत्या, वर घट्ट झाकण, आणि अगदी मंद आंचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. भाजीत पाणी साचलं तर घाबरू नका. झाकण काढून दहा मिनिटं ठेवा, ढवळू मात्र नका. पुढच्या वेळी चकत्यांना आधी मीठ लावून वीस मिनिटं ठेवा आणि फडक्याने टिपून घ्या.

सिनेमा पहिल्यांदाच बघायचा आणि त्याच रात्री रांधायचं

यात मुलाला काहीच माहीत नसतं. कुठला पदार्थ, का करायचा, कशासाठी एवढी कापाकापी? आम्ही आता सिनेमा आधी एकदा बघितलेलाच निवडतो, किंवा निदान तो एक प्रसंग दोन दिवस आधी दाखवतो. मग विचारतो, “यातलं तुला काय करावंसं वाटतंय?” उत्तर अनेकदा माझ्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.

‘पोनियो’च्या वेळी (२००८ चा जपानी सिनेमा) मला वाटलं होतं, तिला हॅम घातलेले नूडल्स हवेत. ती म्हणाली, “बाबा, मला ते झाकण हवंय.” त्या प्रसंगात आई झटपट नूडल्सवर गरम पाणी ओतून वाडगे झाकून ठेवते, तीन मिनिटं थांबायला सांगते, आणि झाकण काढल्यावर आत अंडं, हॅम, कांद्याची पात असं सगळं सजलेलं असतं. मुलांना धरून ठेवतात ती हीच तीन मिनिटं.

इथे आमचा पदार्थ फसला, कारण आपल्याकडची बहुतेक झटपट नूडल्सची पाकिटं उकळून शिजवण्यासाठी असतात. वाडग्यात ठेवून वरून पाणी ओतलं की मधला भाग कडक राहतो. उपाय सोपा आहे. नूडल्स पातेल्यात शिजवून घ्या, मुलाला डोळे मिटायला सांगून गुपचूप वर अर्धं उकडलेलं अंडं किंवा परतलेलं पनीर, पातीचा कांदा, मक्याचे दाणे मांडा, झाकण ठेवा आणि मग घड्याळ लावा. झाकण उघडताना कड चेहऱ्यापासून पलीकडच्या बाजूने उचलायची, वाफ त्या बाजूने जाऊ दे. हे मुलाला आधी रिकाम्या वाडग्यावर करून दाखवा.

चुकीचा तांदूळ

जपानी सिनेमांत भाताचे गोळे आणि भरलेले डबे सारखे दिसतात. ‘माय नेबर टोटोरो’त (१९८८) आई दवाखान्यात असते, म्हणून मोठी बहीण सगळ्यांचे डबे भरते. माझ्या मुलीला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. त्या दिवशी तिने आजीचा डबा भरला, आम्ही दोघांनी कुणीही तिच्या कामात लक्ष घातलं नाही.

बासमतीचा गोळा होत नाही, कितीही दाबा. कोलमही सुटतो. अनेक जण मग महाग जपानी तांदूळ शोधत बसतात. त्याची गरज नाही, कारण आपला इंद्रायणी मुळातच चिकट आहे, आणि वासाचा आंबेमोहोरही बऱ्यापैकी धरतो. नवा तांदूळ असेल तर आणखी चांगलं. भात कोमट असताना हात पाण्याने ओले करून, चिमूटभर मीठ तळव्याला लावून वळायचा. गार झाला की फुटतो, फार गरम असताना मुलाचे हात भाजतात. तरीही फुटत असेल तर लहान वाटीत ओल्या फडक्यात भात घालून फडकं पिळा, गोळा नेटका निघतो. मधोमध जपानी लोक आंबट प्लम ठेवतात, आमच्याकडे लिंबाच्या गोड लोणच्याची एक फोड जाते. भात शिजल्यावर तासन्‌तास बाहेर ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. सिनेमा सुरू व्हायच्या अगदी आधी वळा.

उकळत्या साखरेजवळ मूल

ही एकच चूक अशी आहे, की तिच्या बाबतीत मी कुणालाही सवलत देणार नाही. ‘पॅडिंग्टन’ (२०१४) बघितल्यावर मुलालाही त्यातल्या अस्वलासारखा संत्र्याचा मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला जॅम, हवासा वाटणं साहजिक आहे. मार्मालेड जमायला पाक साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअसला जावा लागतो आणि तो अंगावर उडाला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा निथळून जात नाही. लाडवाचा पाक, चिक्कीचा गूळ, गुलाबजामचं तळण, यांनाही हाच नियम. मूल ओट्यापासून दोन हात लांब, हातातलं काम दुसरं.

दुसरं काम पुष्कळ असतं. साल काढणं, बिया वेगळ्या करणं, साल बारीक पट्ट्यांत कापणं, बरणीवर चिठ्ठी लिहिणं. ब्रिटनमध्ये यासाठी कडवट, बियांनी भरलेली सेव्हिलची संत्री वापरतात. आपलं नागपुरी संत्रं गोड आणि सैल सालीचं, त्यामुळे नुसत्या त्याचा मार्मालेड पातळच राहतो. त्यात मोसंबी आणि लिंबाचा रस मिसळा, आणि सगळ्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून उकळताना आत सोडा. त्यांतलं पेक्टिन मिश्रण घट्ट करतं. सालीच्या आतला पांढरा भाग थोडा काढला नाही तर कडूपणा मुलांना झेपत नाही. हे सगळं आदल्या रविवारी उरकायचं. सिनेमाच्या दिवशी फक्त पावाला लावायचं.

वेळेचा हिशेब उलटा न करणं

सिनेमा साडेसातला सुरू करायचा असेल तर ताटं सव्वासातला तयार हवीत, म्हणजे काम साडेपाचला सुरू. मुलाचा हात लागला की पाककृतीत लिहिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरा. पाच वाजता काहीतरी छोटं खायला द्या, केळं, चुरमुरे, काहीही. भुकेलेलं मूल सारण भरत नाही, ते सारण खातं आणि मग रडतं.

एकाच पदार्थावर थांबा. बाकी जेवण रोजचं असू द्या, वरण-भातही चालेल. आणि पडद्यासमोर बसून खायचं ते वाडग्यात किंवा हातात मावेल असंच. पातळ रस्सा अंधारात सांडतोच.

दुरुस्त करत राहणं

मूल लाडू वाकडा वळतं आणि आपण तो उचलून गोल करतो. माझ्याकडून हे बरेच दिवस होत होतं. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) बघायचं ठरलं तेव्हा आम्ही बेसनाचे लाडू केले, कारण त्यातली नायिका, पुण्याची शशी गोडबोले, लाडवांसाठीच ओळखली जाते. मी एकेक लाडू परत वळत होतो. मुलगी काही बोलली नाही, हात धुऊन बाहेर गेली. आजी म्हणाली, “अरे, तिचे तिला राहू देत की!” तेव्हापासून तिचे लाडू वेगळ्या ताटलीत असतात आणि पाहुण्यांनाही त्याच ताटलीतून देतो.

बेसन लाडवात मुलांबरोबर नेहमी होणारा घोटाळा म्हणजे घाई. भाजलेलं बेसन गरम असतानाच पिठीसाखर घातली की ती वितळते आणि मिश्रण सैल होतं. तसं झालं तर परात वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा हाताने फेसा आणि मग वळा. उलट कोरडं पडून वळत नसेल तर कोमट तूप चमच्याचमच्याने घाला. त्या सिनेमात तर ऐन लग्नघरी शशीने केलेले लाडू तिच्या मुलाच्या हातून सांडतात आणि ती पुन्हा करायला बसते. आमच्या घरातही आता काही सांडलं की मुलगी म्हणते, “परत करू या.”

पॉपकॉर्न गृहीत धरणं

चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतो. त्याच्यासाठी मऊ इडलीचे तुकडे ठेवा. मोठ्यांसाठी करताना निम्मे दाणे फुटलेच नाहीत, तर दोष बहुधा जुन्या दाण्यांचा असतो. दाण्यात जवळपास १४ टक्के ओल असते, तिची वाफ झाली की साधारण १८० अंशांना तो फुटतो. दाणे सुकले की वाफच होत नाही. बरणीत एक चमचा पाणी घालून हलवा, झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा, बरेचसे दाणे पुन्हा फुटायला लागतात.

डंपलिंग फुटतात तेव्हा

सगळ्यात जास्त वेळा आम्ही ‘कुंग फू पांडा’ (२००८) लावलाय, आणि सगळ्यात जास्त वेळा फसलोयही तिथेच. पण डंपलिंग म्हणजे सारण भरून वाफवलेली पुरचुंडी, आणि मराठी घरात तिची निम्मी तयारी आधीच असते. पोळपाट-लाटणं आहे, मोदकपात्र आहे आणि कळ्या पाडणारी आजी आहे. उकडीच्या मोदकाची पारी हाताने करतात, ही मैद्याची लाटतात, एवढाच फरक. मैदा पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. तो वेळ दिला नाही तर पारी लाटताना आखडते आणि मूल वैतागतं.

फुटण्याचं खरं कारण ओलं सारण. कोबी आणि गाजर किसून मीठ लावा आणि दहा मिनिटांनी मुलाला दोन्ही मुठींनी पिळायला सांगा. हे काम मुलांना फार आवडतं आणि ती ते आपल्याहून जोरात करतात. सारण लहान चमचाभरच, कडेला पाण्याचं बोट, आणि कड दाबून बंद. कळ्या नाही जमल्या तर करंजीसारखी अर्धगोल मिटा. पाणी उकळायला लागल्यावरच चाळणी आत ठेवा, नाहीतर तळ चिवट होतो. खाली केळीचं पान घाला, चिकटत नाहीत. दहा मिनिटं पुरतात. तळाशी चिकटून फाटलेच तर ते उचलून गरम सारात सोडा आणि वाडग्यात सूप म्हणून द्या.

त्या सिनेमात गुरू आणि शिष्य एका शेवटच्या डंपलिंगसाठी चॉपस्टिक्सनी झुंजतात. म्हणून आम्ही नेहमी एक जास्तीचा करतो, तो ताटलीत मधोमध ठेवतो, आणि तो प्रसंग आला की सिनेमा थांबवून प्रत्येकाच्या हातात दोन-दोन चमच्यांचे दांडे देतो. गेल्या वेळी तो आजीने पळवला आणि अर्धा तोडून नातीला भरवला.